तुमचा कोड नीट वाचणारं कुणीतरी हवं : गोव्यातून ओपन सोर्समध्ये उतरताना

गोव्यात प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला पुस्तकं, व्हिडिओ, कोर्स यांची वानवा नाही. ते सगळं फोनवर मिळतं. वानवा आहे ती आपला कोड ओळीनओळ वाचून "हे असंच का केलंस?" असं विचारणाऱ्या जाणत्या माणसाची. कॉलेजात प्रोग्रॅम चालला की जर्नलवर सही होते. इथल्या बऱ्याचशा आयटी कंपन्या लहान आहेत. पाच-सहा जणांच्या टीममध्ये क्लायंटची तारीख गाठता गाठता नवख्याचा कोड वाचायला कुणाला सवड होत नाही. आणि थोडा अनुभव गाठीशी जमला की माणसं पुण्या-बंगळूरची वाट धरतात, म्हणजे ज्याला विचारायचं तोच जवळ उरत नाही.

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना वाचायला, वापरायला आणि सुधारायला खुला असतो, अशा प्रोजेक्टमध्ये काम केलं की ही उणीव भरून निघते, आणि त्यासाठी घर सोडावं लागत नाही. तबला शिकवताना गुरुजी समोर बसून बोट कुठे चुकलं ते तिथल्या तिथे सांगतात. पुल रिक्वेस्ट म्हणजे आपला बदल मूळ कोडमध्ये घ्यावा अशी पाठवलेली विनंती. तिच्यावरचा रिव्ह्यू, म्हणजे जाणत्याने केलेली तपासणी, हे त्याच जातीचं शिक्षण आहे. नाव, नोकरी, परदेशातल्या ओळखी या गोष्टी मागाहून येतात, कधी येतही नाहीत. चांगल्या प्रोजेक्टमध्ये रिव्ह्यू मात्र पहिल्याच कामापासून मिळतो. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर मी एकच कसोटी लावली आहे : यातून मला चांगला रिव्ह्यू मिळेल का?

एखादी प्रोग्रामिंग भाषा बऱ्यापैकी येते आणि कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या गिटमध्ये निदान कमिट (बदलाची नोंद) करता येतं, अशांसाठी हा लेख आहे. गिट येत नसेल तर दोन संध्याकाळी बसून आधी तेवढं शिकून घ्या. लिनस तोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, काम सांभाळण्यासाठी लिहिलं. जगभर विखुरलेल्या माणसांनी एकाच कोडवर काम करावं, हाच त्याचा मूळ हेतू. त्यामुळे ओपन सोर्समध्ये वावरताना गिटच्या बऱ्याच गोष्टींचा अर्थ आपोआप उलगडत जातो.

पायरी १ : प्रोजेक्ट निवडा, घाई न करता

नवखी मुलं इथेच सगळ्यात जास्त फसतात. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर स्टार (लोकांची पसंती) किती आहेत ते पाहून एखादा बडा प्रोजेक्ट उघडतात, 'गुड फर्स्ट इश्यू' हे लेबल लावून शोधतात आणि पहिला दिसेल तो इश्यू, म्हणजे नोंदवलेली अडचण, धरतात. त्याच इश्यूवर आधीच वीस जणांनी "मला द्या" असं लिहून ठेवलेलं असतं.

त्यापेक्षा आपण रोज काय वापरतो याची यादी करा. प्रोजेक्टसाठी घेतलेली पायथनची लायब्ररी, ब्राउझर, कोड एडिटर, लिबरऑफिस, फोनमधलं नकाशाचं ॲप, ऑफिसात हिशेबाला असलेलं ईआरपीनेक्स्ट. शेवटचं तर मुंबईत जन्मलेलं सॉफ्टवेअर आहे, जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांना खुलं. वापरत असलेल्या वस्तूचं दुखणं आपल्याला आतून कळतं. नुसत्या लेबलवरून उचललेल्या इश्यूत ते कळत नाही.

यादीतल्या प्रत्येक प्रोजेक्टसाठी पुढचं काम करा. यात तासभर जातो, पण तो वाया जात नाही. रेपॉझिटरीतल्या (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यातल्या) बंद झालेल्या पुल रिक्वेस्टची यादी उघडा. बाहेरच्या, पहिल्यांदाच आलेल्या माणसांच्या चार-पाच रिक्वेस्ट शोधा आणि त्यांच्याखालची सगळी चर्चा वाचा. मेंटेनरने, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, पहिलं उत्तर किती दिवसांत दिलं? नुसतं "चालेल" म्हणून मर्ज केलं (मूळ कोडमध्ये घेतलं), की ओळीवर बोट ठेवून कारण सांगितलं? नवख्याने अडाणी प्रश्न विचारला तेव्हा त्याचा सूर कसा होता? कडक मेंटेनर चालेल, कारण कडक माणूसही मनापासून शिकवू शकतो. तुसडा मेंटेनर नको. आणि महिनोन्महिने कुणीच उत्तर देत नसेल, तर प्रोजेक्ट कितीही नावाजलेला असो, तुमच्यासाठी तो बंदच आहे.

दुसरी गोष्ट, आपला लॅपटॉप काय झेपवतो ते पाहा. क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा मूळ प्रोजेक्ट) किंवा लिबरऑफिस यांचा पूर्ण कोड साध्या लॅपटॉपवर बिल्ड करायला, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवायला, कित्येक तास लागतात आणि डिस्कवर प्रचंड जागा जाते. आठ जीबी रॅमवर पहिलाच प्रयोग तिथे नको. पायथन किंवा जावास्क्रिप्टमधली मध्यम आकाराची लायब्ररी घेतली तर बदल करून निकाल दिसायला मिनिटंही लागत नाहीत.

सगळे प्रोजेक्ट गिटहबवर नसतात, हेही आधीच कळलेलं बरं. लिनक्स कर्नलचे पॅच (कोडमधले बदल) आजही ईमेलने जातात. विकिपीडियामागचं मीडियाविकी आणि लिबरऑफिस यांचा रिव्ह्यू गेरिट या खास रिव्ह्यूच्या सॉफ्टवेअरवर चालतो. लिनक्सवरच्या नोम या डेस्कटॉपचं स्वतःचं गिटलॅब, म्हणजे गिटहबसारखीच यंत्रणा, आहे. जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कचे बग ट्रॅक नावाच्या यंत्रणेत नोंदलेले असतात आणि सोप्या कामांवर तशी खूण केलेली असते. लिबरऑफिस अशाच कामांना 'ईझी हॅक' म्हणतं. गेरिटसारखी वेगळी पद्धत दिसली म्हणून मागे फिरू नका. तिथे गर्दी कमी असते आणि रिव्ह्यू बहुतेक वेळा बारकाईने होतो.

पायरी २ : लायसन्स आणि नियम वाचा

हे लवकर उरकतं. कोड नुसता दिसतो म्हणून तो ओपन सोर्स होत नाही. रेपॉझिटरीत लायसन्सची फाइल नसेल तर सगळे हक्क लेखकाकडेच राहतात. एमआयटी लायसन्स जवळपास सगळ्याला मुभा देतं, मूळ सूचना तेवढी ठेवावी लागते. जीपीएल सांगतं, की यावर आधारलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्यांना द्याल तर त्याचा सोर्सही त्याच अटींवर द्या. काही प्रोजेक्ट तुमच्याकडून करार मान्य करून घेतात. लिनक्स कर्नलसारखे काही कमिटच्या खाली सही म्हणून 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ मागतात. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं तुम्ही त्या ओळीतून सांगत असता.

योगदानाचे नियम 'काँट्रिब्युटिंग' नावाच्या फाइलमध्ये असतात. ती पूर्ण वाचा. तिथे लिहिलेलं न पाळता आलेली रिक्वेस्ट मेंटेनरला लांबूनच ओळखू येते.

पायरी ३ : आपल्या मशीनवर चालवून बघा

कोड उतरवून घ्या, सूचनांप्रमाणे बिल्ड करा, सगळ्या टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवा. अजून काहीही बदलू नका. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही जातं-येतं, आणि मोठी रेपॉझिटरी अर्ध्यावर तुटली की पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी गिट क्लोन करताना 'डेप्थ' हा पर्याय १ ठेवला तर जुना इतिहास गाळून फक्त ताजा कोड येतो. इतिहास लागेल तेव्हा नंतर आणता येतो.

या टप्प्यावर काहीतरी अडतंच. सूचनेत एखादी पायरी राहिलेली असते, एखाद्या पॅकेजचं नाव बदललेलं असतं, विंडोजवर वेगळंच काही करावं लागतं. काय अडलं आणि कसं सुटलं ते लिहून ठेवा. जुन्या मंडळींच्या मशीनवर सगळं आधीच बसवलेलं असतं, त्यामुळे हा खड्डा त्यांना दिसत नाही. तो फक्त नवख्याला दिसतो. सूचनांमधली ती दुरुस्ती हीच तुमची पहिली पुल रिक्वेस्ट होऊ शकते, आणि ती खऱ्या उपयोगाची असते.

रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, उगाच एखादा शब्द बदलणं ही मात्र वेगळी गोष्ट. ऑक्टोबरात ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांसाठी असलेल्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० साली टी-शर्ट मिळवण्यासाठी इतक्या निरर्थक रिक्वेस्ट आल्या की आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलावे लागले आणि ज्यांना हवं तेच प्रोजेक्ट सामील होतील असं ठरलं. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रसिद्ध जावास्क्रिप्ट प्रोजेक्टच्या रीडमीत स्वतःचं नाव घालणाऱ्या रिक्वेस्टचा असाच लोंढा आला. दोन्ही वेळी भारतातल्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता, आणि त्याचा त्रास आज मन लावून काम करणाऱ्या मुलांना होतो; भारतीय नाव दिसलं की काही मेंटेनर आधी साशंक होतात. हे अन्यायाचं आहे. तरी पहिली रिक्वेस्ट नेटकी असली तर ती शंका तिथेच मिटते.

पायरी ४ : आपल्याला दिसतो असा बग शोधा

मराठी वाचता-लिहिता येणं ही इथे मोठी पुंजी आहे, आणि फार थोडे प्रोग्रामर ती वापरतात.

'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' या शब्दांतला अर्धा र घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला अंक देणाऱ्या पद्धतीत, तो दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. एकात नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, आणि मग य. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. पण एका पद्धतीने टाइप करून दुसऱ्या पद्धतीचा शब्द शोधला, तर नुसती अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला तो सापडत नाही. नोट्स घ्यायचं ॲप, पीडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर, ग्रंथालयाची सूची, कुठेही हे तपासून बघा. जर्मनीत किंवा ब्राझीलमध्ये बसलेल्या मेंटेनरला हा बग आहे हे कळायची वाटच नाही. तुम्ही तो दोन ओळींचा नमुना देऊन दाखवलात, तर तो तुमचं म्हणणं लक्ष देऊन ऐकेल.

असं आणखी बरंच आहे. वर्णमालेत आपण ळ हा ह नंतर म्हणतो, पण युनिकोडच्या तक्त्यात तो ल च्या शेजारी बसलेला आहे. त्यामुळे नुसत्या अंकांवरून क्रम लावणारा प्रोग्रॅम मराठी याद्यांचा क्रम चुकवतो. लाखाच्या आकड्यात स्वल्पविराम भलत्या जागी पडतो. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे असतात. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकूर मराठी आहे हे ॲप फाँटला सांगतच नाही. देवनागरी अक्षरांची जोडणी करणारी हार्फबझ ही लायब्ररी फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत आहे. तिथे सुरुवातीलाच कोड लिहायला जाऊ नका, ते अवघड काम आहे. पण अडचण तिथे आहे की ॲपमध्ये, हे शोधून काढणं हाच एक सुंदर अभ्यास आहे.

नकाशांचं काम आवडत असेल तर ओपनस्ट्रीटमॅप पाहा. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा लोकच भरतात. गोव्यातल्या गावांच्या नावांची रोमन स्पेलिंगं पोर्तुगीज वळणाची आहेत, आणि डिचोली, पेडणे, काणकोण हीच नावं देवनागरीत शोधली तर वेगळाच अनुभव येतो. तिथे मराठी आणि कोकणी नावांसाठी स्वतंत्र जागा आहेत. आपल्या वाड्यावरचं देऊळ, व्हाळावरचा साकव, बंद झालेली पायवाट हे सगळं आपण स्वतः पाहून भरू शकतो. मात्र गुगल मॅप्सवरून काहीही उतरवून घ्यायचं नाही. ते लायसन्समध्ये बसत नाही. फोनवरचं स्ट्रीटकंप्लीट हे ॲप रस्त्यात उभं राहून एकेक प्रश्न विचारतं आणि उत्तर नकाशात घालतं. ते स्वतःही ओपन सोर्स आहे, कॉटलिनमध्ये लिहिलेलं. वापरता वापरता त्याच्या कोडकडे वळणं अगदी सरळ आहे.

कोकणीसाठीही काम पडून आहे. गोवा विद्यापीठाने कोकणी विश्वकोश २०१३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली खुला केला आणि २०१५ मध्ये कोकणी विकिपीडिया सुरू झाला. मीडियाविकीच्या संदेशांचं भाषांतर ट्रान्सलेटविकीवर चालतं आणि तिथे देवनागरी व रोमी कोकणी वेगवेगळ्या आहेत. भाषांतर कमी दर्जाचं काम नाही. पण आपली कसोटी आठवा : प्रोग्रामर म्हणून वाढायचं असेल तर भाषांतर करताना जो दोष कोडमध्ये दिसेल, जसा अनेकवचनाचा घोळ किंवा वाक्याचे तुकडे जोडून केलेला संदेश, तो इश्यू म्हणून नोंदवा आणि मग स्वतः दुरुस्त करायला घ्या.

इश्यू लिहिताना सॉफ्टवेअरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, नेमकं काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं हवंच. इंग्रजी साधं असलं तरी चालतं; छोटी वाक्यं लिहा. दुसऱ्याने नोंदवलेला इश्यू घेणार असाल तर "हे मला द्या" असं लिहू नका. आधी तो बग आपल्या मशीनवर घडवून पाहा, कारण शोधा आणि मग लिहा : अमुक आवृत्तीवर मलाही दिसतो, कारण बहुधा या फाइलमधल्या या फंक्शनमध्ये आहे, असा असा बदल करायचा विचार आहे, चालेल का? इतकं वाचल्यावर कुठलाही मेंटेनर उत्तर देतो. चुकीच्या दिशेने निघाला असाल तर तिथेच सांगतो, आणि तुमचे आठ दिवस वाचतात.

पायरी ५ : बदल करा आणि पाठवा

तांत्रिक क्रम ठरलेला आहे. गिटहबवर रेपॉझिटरी फोर्क करायची, म्हणजे तिची स्वतःची प्रत घ्यायची, आपल्या प्रतीत नवी ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी शाखा, काढायची (मेन ब्रँचवर थेट काम करू नका, पुढे गुंता होतो), बदल करायचा, टेस्ट लिहायची, कमिट करून पुश करायचं, म्हणजे गिटहबवर चढवायचं, आणि पुल रिक्वेस्ट उघडायची.

एका रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट. बग दुरुस्त करता करता शेजारच्या फंक्शनचं नावही बदलावंसं वाटतं. ते वेगळ्या रिक्वेस्टमध्ये करा. एडिटरचं आपोआप फॉरमॅट करणं बंद ठेवा, नाहीतर तीन ओळींच्या दुरुस्तीत तीनशे ओळी बदललेल्या दिसतात. विंडोजवर ओळीच्या शेवटचं चिन्ह वेगळं असतं, त्यामुळे कधी कधी अख्खी फाइलच बदललेली दिसते. गिटच्या सेटिंगमध्ये ते आधीच ठीक करून घ्या. पाठवण्यापूर्वी आपला डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, स्वतः पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, जणू दुसऱ्याने लिहिला आहे अशा नजरेने. विसरलेली प्रिंटची ओळ तिथेच सापडते.

शक्य असेल तिथे टेस्ट द्याच. आधी दुरुस्तीशिवाय चालवून ती नापास होते याची खात्री करा, मग दुरुस्तीसह पास होते ते पाहा. कमिटच्या संदेशात काय बदललं हे एका ओळीत आणि का बदललं हे खाली. 'काय' डिफमध्ये दिसतंच. 'का' हे पाच वर्षांनी तो कोड वाचणाऱ्याला हवं असतं.

पायरी ६ : रिव्ह्यू हेच खरं काम

रिक्वेस्ट उघडली म्हणजे काम संपलं असं समजून पुष्कळजण निघून जातात. ज्यासाठी आलो ते तर आता सुरू होतं.

आधी यंत्रांचं उत्तर येतं : टेस्ट आपोआप चालतात आणि लाल किंवा हिरवी खूण दिसते. लाल दिसली तर लॉग उघडून वाचा. मग माणसं. मध्य युरोपातले मेंटेनर आपल्या साडेतीन-साडेचार तास मागे, अमेरिकेतले आपण झोपल्यावर जागे, आणि बहुतेकजण नोकरी सांभाळून फावल्या वेळात हे करणारे. दोन आठवडे काहीच आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा. रोज विचारू नका.

पहिल्यांदा दहा-बारा टिप्पण्या आल्या की मन खट्टू होतं. तसं होऊ देऊ नका. ज्याने दहा टिप्पण्या लिहिल्या त्याने तुमच्यासाठी आपली संध्याकाळ दिली आहे. प्रत्येक टिप्पणीला उत्तर द्या : केलं असेल तर तसं सांगा, समजलं नसेल तर विचारा, पटलं नसेल तर कारण देऊन म्हणणं मांडा. "मी हे असं केलं, कारण यादी रिकामी असेल तर तुम्ही सुचवलेली पद्धत एरर देते" असं म्हणायला अजिबात कचरू नका. तुमचं बरोबर असेल तर जाणता मेंटेनर तसं मान्य करतो. आपण सर-मॅडमच्या पुढे गप्प राहायला शिकलेलो असतो. इथे गप्प राहणाऱ्याला बदल समजला की नाही हे कुणालाच कळत नाही. 'सर' म्हणायचीही गरज नाही; मेंटेनरची मंडळी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात.

दुरुस्त्या त्याच ब्रँचवर करून पुन्हा पुश करा. जुनी रिक्वेस्ट बंद करून नवी उघडली तर सगळी चर्चा तुटते.

आणि एक वही ठेवा. रिव्ह्यूत आलेली प्रत्येक सूचना आपल्या शब्दांत तीत लिहा : इथे कॅशिंग का नको, या फंक्शनने एरर गिळून का टाकू नये, हे नाव का फसवं आहे. तीच सूचना दुसऱ्यांदा आली तर खूण करा. वर्षभरात आपण कुठे कच्चे आहोत आणि कुठे पक्के झालो, हे या वहीइतकं स्पष्ट कुठलंही प्रमाणपत्र सांगत नाही.

कधी रिक्वेस्ट नाकारली जाते. कधी मर्ज करण्याआधी फार चौकशी होते. यामागे एक मोठं कारण आहे. एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या लायब्ररीचा भार एकटा दमलेला मेंटेनर वाहत होता. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं रीतसर योगदान देऊन त्याचा विश्वास मिळवला, हक्क मिळवले आणि २०२४ मध्ये त्या लायब्ररीत छुपा दरवाजा घातला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या मशीनवर एसएसएच लॉगिनला (दुरून मशीनमध्ये शिरायला) नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने ते सोडून दिलं नाही, मुळाशी गेला आणि ते कारस्थान जगभर पसरण्याआधी उघडकीस आलं. तेव्हापासून प्रोजेक्ट अनोळखी माणसावर विश्वास टाकायला वेळ घेतात. ते तुमच्यावरचं वैयक्तिक मत नसतं.

एआयबद्दल

एआय वापरू नका असं मी म्हणणार नाही. अनोळखी कोड समजून घ्यायला त्याची मदत होते. पण प्रोजेक्टचा नियम आधी पाहा. जेंटू लिनक्सने २०२४ मध्ये एआयने लिहिलेलं योगदान घ्यायचंच नाही असं ठरवलं. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी तसं नमूद करावं लागतं. समजावून सांगता येणार नाही अशी एकही ओळ पाठवू नका. आणि रिव्ह्यूतली टिप्पणी एआयला देऊन आलेलं उत्तर तसंच चिकटवणं तर कधीच करू नका. समोर खरा माणूस तुम्हाला शिकवायला बसलेला असताना तुम्ही त्याच्यापुढे यंत्र उभं करता. तो उठून जातो आणि पुन्हा येत नाही.

नोकरी, करार आणि पैसे

बायोडेटात गिटहबवर रोजचं काम दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनांचा फोटो लावून काही होत नाही. मर्ज झालेल्या दोन-तीन रिक्वेस्टच्या लिंक द्या, त्यातही जिच्याखाली लांब चर्चा झाली ती पहिली. मुलाखत घेणाऱ्याला त्यात तुम्ही विचार कसा करता, चूक दाखवल्यावर कसे वागता आणि लेखी इंग्रजी कसं आहे, हे तिन्ही एकदम दिसतं. घरून काम देणाऱ्या कंपन्यांना नेमकं हेच पाहायचं असतं, आणि गोव्यातच राहून काम करायचं असेल तर अशाच कंपन्यांकडे वळावं लागतं. हमी मात्र कुणी देत नाही, हे मनाशी धरून चला.

आधीच नोकरीत असाल तर नेमणुकीचा करार काढून वाचा. नोकरीच्या काळात लिहिलेला सगळा कोड कंपनीचा, असं कलम बऱ्याच करारांत असतं. मॅनेजरकडून ईमेलवर परवानगी घ्या आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर हे काम करू नका.

पैसे मिळायच्या वाटा थोड्या आहेत, पण आहेत. ओपन सोर्सच्या कामाला मानधन देणारं गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून ते केवळ विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही. वय १८ पूर्ण हवं. साधारण फेब्रुवारीत संस्थांची यादी येते, मार्च-एप्रिलमध्ये अर्ज भरतात. यादी आल्यावर धावपळ करणाऱ्यांपेक्षा चतुर्थीनंतरच एखाद्या प्रोजेक्टमध्ये रुळलेल्यांचा अर्ज उजवा ठरतो, कारण मेंटेनर त्यांना ओळखत असतो. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात ज्यांना डावललं जातं अशांसाठी आउटरीची ही तीन महिन्यांची, घरून करायची, मानधनाची इंटर्नशिप आहे. तिथे निवडीआधी प्रत्यक्ष योगदान द्यावंच लागतं. इंजिनिअरिंगला असलेल्या गोव्यातल्या मुलींनी तिची माहिती जरूर काढावी.

सोबत

एकट्याने सुरुवात केली तर महिन्याभरात सुटण्याचा धोका असतो. दोघं-तिघं मिळून बसा. पणजीत पाटो भागातल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात, मडगावात कुणाच्या घरी, फोंड्यात कॉलेज सुटल्यावर, जिथे जमेल तिथे. एकाने आपल्या रिक्वेस्टवरची चर्चा मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी विचारायचं. फॉस युनायटेड ही संस्था देशभर अशा गटांना आधार देते आणि बंगळूरला इंडियाफॉस हा मेळावा भरवते. एकदा जाऊन या. ज्यांच्या टिप्पण्या वाचल्या ती माणसं समोर भेटतात.

पहिली रिक्वेस्ट मर्ज झाली की प्रोजेक्ट बदलू नका. त्याच ठिकाणी दुसरी करा, तिसरी करा. चार-पाच झाल्यावर इतरांच्या रिक्वेस्ट उघडायला लागा. त्यांचा कोड आपल्या मशीनवर उतरवून चालवा आणि खाली लिहा : अमुक सिस्टिमवर तपासलं, टेस्ट पास झाल्या, पण नाव देवनागरीत असेल तर फाइल सेव्ह होत नाही. इतकं लिहायला कुठलाही हुद्दा लागत नाही, आणि मेंटेनरचा अर्धा भार तिथे हलका होतो.